दोरी बांधलेला झोपाळा

तसं काहीच झालं नव्हतं. झोपाळ्याची डावी साखळी वर कुठेतरी टक् करून वाजली, फळी त्या बाजूनं दोन बोटं खाली आली आणि तिथेच थांबली, एवढंच. सम्यकला हसू आलं. आईनंच काहीतरी गंमत केली असं त्याला वाटलं. त्याची घामेजलेली पाठ मागे येऊन श्रुतीच्या तळव्यांवर टेकली, पुन्हा पुढे जायला निघाली, आणि श्रुतीनं तिला जाऊ दिलं नाही. दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरून ठेवत तिनं वर पाहिलं. सूर्य मावळतीला आला होता. समुद्राकडून येणारा उजेड सरळ त्या आडव्या पाइपवर पडला होता आणि त्या उजेडात तिला हूक दिसला. गंजानं फुगलेला, तांबूस, आणि साखळीची कडी वर्षानुवर्षं जिथे घासत होती तिथे आतून झिजत झिजत इतका बारीक झालेला, की तिथं अजून लोखंड आहे की नुसती लोखंडाची सवय उरलीय, ते खालून कळत नव्हतं. "उतर," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ ना, आई." "उतर खाली. घसरगुंडीवर जा." सम्यक तोंड फुगवून घसरगुंडीकडे गेला. तेवढ्यात शेजारच्या तेजस्वीची वेदिका कुठूनशी धावत आली आणि मोकळ्या झालेल्या फळीवर टुणकन बसली. श्रुतीनं साखळी पकडली. "वेदिका, उतर खाली, बाळा." आपल्याच तोंडून निघालेले ते दोन शब्द आणि त्यांतला तो मऊपणा ऐकून श्रुती दचकली. साखळीच्या आवाजानंही ती एवढी दचकली नव्हती.

ते शब्द तिच्या ओळखीचे होते. संगमेश्वराच्या आत, डोंगराच्या कुशीत तिचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी, वरच्या अंगाला बाकीच्या वाड्या. नागपंचमीला वरच्या वाडीत एका मोठ्या फणसाला झोपाळा बांधत. श्रुती तेव्हा सम्यकएवढीच असेल. शाळेतून येताना तिला तो रिकामा दिसला आणि दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती बसली. कोणी नव्हतं. दोन झोके घेतले. खालचं हिरवं भात एकदा जवळ येई, एकदा लांब जाई, आणि पोटात काहीतरी गार गार सरके. मग घरातून तुळसाकाकी बाहेर आली. ती ओरडली नाही. रागावलीही नाही. पदराला हात पुसत जवळ आली, दोरीला हलकेच धरलं आणि म्हणाली, "उतर खाली, बाय. पोरांना खेळू दे." श्रुती उतरली. वाटेनं घरी येताना तिला फार वेळ कळत नव्हतं की आपल्याला नेमकं काय खुपतंय. घराच्या उंबऱ्याशी आल्यावर कळलं. पोरांना खेळू दे, असं काकी म्हणाली होती. म्हणजे पोरं वेगळी होती आणि ती वेगळी होती. तिला कोणी मारलं नव्हतं, हाकललं नव्हतं, शिवी दिली नव्हती. त्यामुळे घरी सांगण्यासारखंही काही नव्हतं. पुढे ती शिकली, परीक्षा दिली, पोस्टात लागली, रत्नागिरीला बदली होऊन आली, संदेशशी लग्न झालं, आणि या सगळ्या वर्षांत ते वाक्य तिच्या आत कुठेतरी निपचित पडून होतं. आज ते तिच्याच तोंडून बाहेर आलं होतं. वेदिका फळीवरून उतरून, मान वाकडी करून तिच्याकडे बघत होती. "का?" तिनं विचारलं. त्या दिवशी आपण का विचारलं नाही, असं श्रुतीच्या मनात येऊन गेलं. "वरचा हूक तुटायला आलाय," ती म्हणाली. "बघ, तो. दिसतो?" वेदिकानं पाहिलं, आणि निघून गेली.

ही बाग किनारा बालोद्यान मंडळाची. वसाहतीतल्या हौशी लोकांनी मिळून काढलेलं मंडळ, बाग मात्र सगळ्यांसाठी उघडी. वसाहतीतली मुलं येत, पलीकडच्या मच्छीमारांच्या घरांतली येत, सुट्टीत मुंबईहून आलेली पाहुणी पोरंही येत. मंडळाचे सचिव भिकाजी रेवाळे. त्यांची लाकडाची वखार होती, आता ती मुलगा बघे आणि रेवाळेकाका बाग बघत. दुसऱ्या दिवशी पोस्टातून सुटल्यावर श्रुती त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, कोकम सरबत मागवलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगता ते खोटं नाही. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती टिकणार. पण माझी अडचण समजून घ्या. नवीन काही बसवायचं म्हटलं की लोक पाकीट घेऊन दारात उभे राहतात. आईच्या नावानं, आजोबांच्या नावानं. घसरगुंडीला नाव लागतं, बाकाला लागतं. बोल्टला कोणाचं नाव लावू? अनुदान मिळतं तेसुद्धा नव्या खेळण्यांना. तपासणी, दुरुस्ती असं खातंच नाही आमच्याकडे." "मग उघडा," श्रुती म्हणाली. "काय?" "खातं." रेवाळेकाका हसले. तिला उद्धट म्हणावं की भोळी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "बघू. सभेपुढे ठेवतो. तुमच्यासारख्यांनी पुढे यायलाच पाहिजे." तुमच्यासारख्यांनी. श्रुतीनं सरबताचा ग्लास खाली ठेवला. या शब्दाच्या आत काय असतं ते आपल्याला नेहमीच ऐकू येतं, आणि नेहमीच ते खरोखर तिथे असतं असंही नाही, हे तिला माहीत होतं. हेच तर थकवणारं होतं. निघता निघता ती म्हणाली, "सभा होईपर्यंत झोपाळा बंद ठेवा." भिंतीवरच्या फोटोकडे काकांची नजर गेली. "तो चिमाच्या नावाचा आहे," ते म्हणाले. चिमाबाई त्यांची बायको. चार-पाच वर्षांपूर्वी गेली. झोपाळ्याच्या खांबावर तिच्या नावाची पाटी होती. "तेवढा एकच झोपाळा आहे बागेत. तो बंद केला तर पोरांनी यायचं कशाला?"

त्या संध्याकाळी श्रुतीनं घरातली कपडे वाळत घालायची जादा नायलॉनची दोरी घेतली, बागेत गेली आणि झोपाळ्याची फळी उचलून दोन्ही साखळ्या खांबाला बांधून टाकल्या. मग बाकावर बसली. मुलं जमली. कोणी दोरीला हात लावला की ती नुसतं पाहायची आणि हात मागे जायचा. एका आजोबांनी विचारलं, "मंडळाची परवानगी आहे का?" "नाही," ती म्हणाली. सकाळी पाहिलं तर दोरी सोडलेली होती. तिनं पुन्हा बांधली. पुढच्या वेळी कोणीतरी ती कापून टाकली होती. तिनं बाजारातून नवी आणली. आठवडाभरात वसाहतीत हा विषय झाला. जिन्यात भेटणाऱ्या बायका बोलता बोलता थांबू लागल्या. तेजस्वी, जिच्याकडे श्रुतीच्या घराची किल्ली असायची, ती एकदा खालूनच म्हणाली, "श्रुतीताई, मुलांनी आता तुम्हाला विचारून खेळायचं का?" आणि तिच्याबरोबरची दुसरी, जिचं नावही श्रुतीला माहीत नव्हतं, तिनं वाक्य पुरं केलं, "आता यांच्याच परवानगीनं सगळं." यांच्या. श्रुती जिना चढून वर आली, कुकर लावला, सम्यकचा अभ्यास घेतला. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि तिला वाटत होतं, ओरडून विचारावं, यांच्या म्हणजे कोणाच्या, जरा फोड करून सांगा. पण विचारलं तर त्या म्हणणार, अहो आम्ही सहज म्हटलं, तुम्ही भलतंच मनाला लावून घेता. मऊ आवाजातल्या गोष्टींना उत्तर देता येत नाही. ते लहानपणीही देता आलं नव्हतं. दोरी मात्र बांधता येत होती.

रविवारी संदेशचा फोन आला. तो मुंबईत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता आणि महिन्यातून दोनदा येत असे. "मला कोणीतरी फोटो पाठवला," तो म्हणाला. "कशाचा?" "तुझा. दोरी बांधताना. खाली लिहिलंय, बागेच्या नव्या मालकीणबाई." तोच पुढे म्हणाला, "आपण तिथे नवीन आहोत, श्रुती. फ्लॅट बघत होतो तेव्हाचं विसरलीस का? आडनाव ऐकलं की जागा आधीच गेलेली असायची. तिथे मिळाली. तर नीट राहू ना." "मी नीटच राहतेय." "तसं नाही गं. सम्यकला बागेत पाठवू नकोस, झालं. आपल्या मुलाचं आपण बघितलं की झालं." "आणि बाकीची?" "बाकीच्यांना आईबाप आहेत." फोन ठेवल्यावर ती बाल्कनीत उभी राहिली. संदेश चुकीचं बोलला नव्हता. तो थकलेला होता, गाडीनं येण्याजाण्यात, लोकांशी जपून बोलण्यात, आणि तीही त्याच गोष्टीनं थकलेली होती. गमरे हे आडनाव सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यावर क्षणभर जे थांबतं, ते ओलांडून पुढे जाण्यात दोघांचीही निम्मी ताकद जाई. उरलेल्या निम्म्यात संसार. त्यातून आता ही दोरी. कशासाठी? तिला खरं उत्तर हवं होतं आणि ते सापडत नव्हतं. मुलांसाठी, असं म्हणणं सोपं होतं. पण बागेत बसल्यावर एखादं पोरगं दोरीला हात लावण्याआधी तिच्या तोंडाकडे बघायचं, तेव्हा तिच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरायचं. ते तिनं पकडलं होतं. एकदा पकडल्यावर सोडता येईना. तुळसाकाकीलाही असंच वाटलं असेल का? त्या दुपारी दोरीला हलकेच धरताना? आपण इतक्या वर्षांनी त्याच जागी येऊन उभे राहिलोय, फक्त खालच्या अंगानं न येता वरच्या अंगानं आलोय, असं तर नाही ना? या विचारानं तिला जेवण जाईना. दोन दिवस ती बागेत गेली नाही. घरातूनच ऐकत राहिली. खालून झोपाळ्याचा कुरकुर आवाज यायचा, मुलं ओरडायची, आणि प्रत्येक कुरकुरीबरोबर ती बाल्कनीत येऊन वाकून बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं सरळ मनाशी म्हटलं, असू दे. असेल माझ्यात काहीतरी वाकडं. असेल जुना राग. त्या हुकाला माझ्या मनातलं काही कळत नाही. तो झिजलाय तो झिजलाय. आणि दोरी घेऊन ती खाली उतरली.

त्याच सुमारास तिची आई, येसूबाई, डोळे दाखवायला गावाहून आली. संध्याकाळी लेकीबरोबर बागेत आली, बाकावर पाय वर घेऊन बसली, श्रुती दोरी बांधत होती ते बघत राहिली. श्रुतीनं थोडक्यात सांगितलं होतं. आईनं गावचा विषय काढला नाही, श्रुतीनंही नाही. तो दोघींमध्ये कधीच निघालेला नव्हता. थोड्या वेळानं आईनं विचारलं, "कोणाची पोरा बसतात हेच्यावर?" "सगळ्यांची," श्रुती म्हणाली. "मंग बांध." ती उठली, जवळ आली, गाठ चाचपून पाहिली. "सैल हाय गो ही. कोण पण सोडील." आणि लाकडाच्या भाऱ्याला मारतात तसा पाय खांबाला लावून तिनं दोरी ओढली आणि गाठ आवळली. बाजूला उभी असलेली दोन-तीन पोरं तिच्याकडे भीतीनं आणि कौतुकानं बघत होती. म्हातारीनं त्यांच्याकडे पाहून बोळकं पसरलं. श्रुतीला हसू आलं. गेल्या कितीतरी दिवसांत बागेत उभं राहून तिला हसू आलं नव्हतं.

परीक्षा संपायच्या सुमारास मंडळाची सभा बागेतच भरली, रविवारी सकाळी, कापडी मांडवाखाली. अध्यक्ष अनिल शिवलकर जोरात होते. मुंबईच्या एका दात्यानं बागेला मोठ्या डॉल्फिनच्या आकाराची घसरगुंडी द्यायचं कबूल केलं होतं, तिचं चित्र मोठं करून लावलं होतं. मुलं चित्रासमोरून हलत नव्हती. अनिलशेठ बोलून झाल्यावर श्रुती उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, ते तिला ऐकू येत होतं, आणि ती बोलत राहिली. "डॉल्फिन आणा. पण त्याआधी जे आहे ते तपासून घ्या. दर वर्षी बाहेरचा माणूस बोलवा, त्याला पैसे द्या, तो म्हणेल ते दुरुस्त करा. जे काही देणगीत येईल त्यातला ठरावीक भाग आधी यासाठी बाजूला काढा. नवीन वस्तू त्याच्यानंतर." मागून कोणीतरी म्हणालं, "दात्याला काय सांगायचं, तुमच्या पैशानं आम्ही स्क्रू पिळतोय म्हणून?" लोक हसले. अनिलशेठ समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं मुलं खेळतायत. एकालाही खरचटलं नाही. तुम्ही आलात आणि अचानक सगळं धोक्याचं झालं." श्रुती म्हणाली, "मग बसा तुम्ही. आत्ता. झोपाळ्यावर." अनिलशेठ हसले, इकडे तिकडे पाहिलं. कोणी पुढे येईना. आपण जिंकलो असं श्रुतीला क्षणभर वाटलं, आणि त्याच क्षणी रेवाळेकाका खुर्चीतून उठले.

त्यांनी चष्मा काढून अनिलशेठच्या हातात दिला. कोणाला तरी दोरी कापायला सांगितली. मग दोन्ही साखळ्या धरून, गुडघे सावकाश वाकवत, बायकोच्या नावाच्या त्या झोपाळ्यावर ते बसले. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्या शर्टातला, भरल्या अंगाचा माणूस. पायानं त्यांनी जमीन मागे लोटली. झोपाळा कुरकुरला. पुढे गेला, मागे आला. पुढे, मागे. श्रुती वर हुकाकडे पाहत होती. तिच्या कानशिलांत ठोके पडत होते, आणि त्या ठोक्यांच्या खाली, अगदी तळाशी, तिला आपल्याच मनातलं काहीतरी दिसलं. तुटू दे, असं ते म्हणत होतं. आत्ता तुटू दे, सगळ्यांच्या समोर. समोर एक म्हातारा माणूस बसलाय हे त्याला माहीत होतं, तरी ते म्हणत होतं. झोपाळा पुढे गेला, मागे आला आणि हळूहळू थांबला. हूक तुटला नाही. काका उठले. आधी एक-दोघांनी आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा मॅडम," अनिलशेठ म्हणाले. "झालं समाधान?" शंभर डोळे तिच्याकडे होते. तेजस्वीही बघत होती, तिच्या मांडीवर वेदिका होती. आता श्रुतीनं खाली बसायचं होतं, हसून म्हणायचं होतं, बरं झालं बाई, माझीच भीती. तेवढं म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं. जिन्यातल्या बायका बोलल्या असत्या, किल्ली तेजस्वीकडे गेली असती. "आज धरलं," श्रुती म्हणाली. "उद्याचं मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. तेवढंच मी सांगतेय." ती मांडवातून बाहेर आली. दोरीचे दोन तुकडे जमिनीवर पडले होते. ते तिनं उचलले, एकमेकांना गाठ मारली, आणि सगळ्या सभेच्या देखत, पाय खांबाला लावून, झोपाळा पुन्हा बांधला. तिला कोणी अडवलं नाही. डॉल्फिनचा ठराव त्या दिवशी टाळ्यांत मंजूर झाला आणि तिचं म्हणणं लिहूनही घेतलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गर्दी होती. मान वर करून तिनं पाहिलं तर रांगेत रेवाळेकाका. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांच्या हातात पाकीट नव्हतं, काही नव्हतं. "काय पाठवायचंय, काका?" त्यांनी काउंटरच्या काचेवर हात ठेवला. "काल मी बसलो तेव्हा वाजलं," ते हळूच म्हणाले. "खालच्यांना ऐकू गेलं नसेल. बसलेल्यालाच कळतं ते. साखळीतून हातात येतं." श्रुतीनं विचारलं, "मग तिथेच का नाही बोललात?" मागचा माणूस खाकरला. काका म्हणाले, "तिचं नाव आहे त्याच्यावर. तो कुजलाय असं इतक्या माणसांसमोर माझ्या तोंडून निघेना." मग म्हणाले, "आणि टाळ्या वाजल्या ना, तेव्हा बरं वाटलं. खोटं का सांगू." श्रुतीला त्यांचा राग यायला हवा होता. पण काल आपल्या मनाच्या तळाशी काय होतं ते तिला माहीत होतं, आणि काचेच्या दोन बाजूंना बसलेली ती दोन माणसं तिला एकाएकी फारशी वेगळी वाटली नाहीत. तिनं ते सांगितलं नाही. सगळंच सांगायचं नसतं. "रिकाम्या हातानं कसं जाऊ," म्हणून काकांनी थोडी तिकिटं घेतली आणि ते गेले.

त्यानंतर जे करायचं ते रेवाळेकाकांनी केलं. पुन्हा सभा बोलावली, या वेळी फक्त समितीची, आणि श्रुतीनं मांडलेली गोष्ट स्वतःच्या नावानं मांडली. अनिलशेठ चिडले. मुंबईच्या दात्याला फोन करून काकांनी विचारलं की त्यातले थोडे पैसे तपासणीला वापरू का. तो म्हणाला, डॉल्फिन नाही तर देणगीही नाही. डॉल्फिन गेला. दोघांनी समिती सोडली. पण ठराव अगदी थोड्या मतांच्या फरकानं का होईना, पास झाला: येईल त्या देणगीतून आधी तपासणी आणि दुरुस्ती, आणि तपासणी दर वर्षी. एप्रिलच्या शेवटी कोल्हापूरहून तपासणी करणारी एक मुलगी आली, हातात छोटी हातोडी आणि टॉर्च. श्रुती रजा टाकून तिच्या मागे मागे फिरली. झोपाळ्याचा हूक त्या मुलीनं पाहिला आणि म्हणाली, हा तर जाणारच होता. मग ती घसरगुंडीकडे गेली. वरच्या कठड्याचे पाइप जिथे फळीत शिरत होते तिथे तिनं हातोडी मारली आणि हातोडी आत गेली, पोह्याच्या पापडात जावी तशी. "हे सगळ्यात वाईट," ती म्हणाली. "हा कठडा धरूनच मुलं वर उभी राहतात ना?" झोपाळ्यावरून उतरवलेल्या प्रत्येक मुलाला श्रुती तिकडेच पाठवत होती. सम्यकलाही. इतके दिवस ती बाकावर बसून एका हुकाची राखण करत होती, आणि पाठीमागे मुलं त्या कठड्याला धरून रांग लावत होती. तिला दिसलं नव्हतं. एका माणसाला सगळं दिसणं शक्यच नव्हतं, मग तो कितीही डोळे ताणून बसला तरी. त्या दिवशी तिची सगळी हुशारी गळून गेली आणि तिच्या जागी काहीतरी जास्त कडक येऊन बसलं.

बाग पूर्ण बंद झाली. नेमकी मे महिन्यात. गेटला कुलूप, आत वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि बाहेर उन्हाळ्याच्या सुट्टीतली पोरं, आईबापांच्या अंगावर उड्या मारणारी. मुंबईहून आलेले पाहुणे कुलूप बघून परत जात. घसरगुंडीचा कठडा कसा निघाला ते लोकांनी ऐकलं होतं, कोणी म्हणत बरं झालं. पण रोज दुपारी घरात कोंडलेल्या पोरांशी ज्यांची गाठ होती त्यांना कठड्यापेक्षा कुलूप मोठं दिसे. सगळा राग श्रुतीवर होता. सम्यकला दोन मुलांनी खेळायला घेतलं नाही, तुझ्या आईनं बाग बंद केली म्हणाले. त्यानं घरी येऊन विचारलं, "तू बंद केलीस?" "हो," ती म्हणाली, "मी आणि रेवाळेआजोबांनी." तो मग म्हणाला, "कधी उघडणार?" "नीट झाली की." संदेश आला तेव्हा कुलूप लावलेल्या गेटपाशी बापलेक बराच वेळ उभे राहून वेल्डिंग बघत होते. घरी आल्यावर संदेश म्हणाला, "खेळण्यांचे पाय पण बदलतायत सगळे." एवढंच. पण त्या रात्री जेवताना त्यानं जपून राहण्याची भाषा काढली नाही.

शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले असताना बाग उघडली. ना हार, ना फीत. रेवाळेकाकांनी कुलूप काढलं आणि पोरं आत घुसली. नव्या रंगाचा वास, तापलेली माती, आरडाओरडा. श्रुती बाकापाशी उभी होती. तेजस्वी वेदिकाला घेऊन आली, कितीतरी दिवसांनी तिच्या शेजारी येऊन थांबली. मुलीला आत सोडलं आणि हाताची घडी घालून म्हणाली, "झालं एकदाचं तुमच्या मनासारखं. सुट्टी सगळी वाया गेली मुलांची. असो. सुटलो." "वाया गेली," श्रुती म्हणाली. "पुढच्या वर्षी मार्चमध्ये बंद ठेवू, म्हणजे सुट्टी सापडणार नाही." तेजस्वीनं तिच्याकडे वळून पाहिलं. "पुढच्या वर्षी? परत?" "दर वर्षी." "आणि परत काही खराब निघालं तर परत कुलूप?" "हो." आपल्या ओठांवर आता नेहमीचं ते हसू येईल, समोरच्याला बरं वाटावं म्हणून येणारं, आणि त्याच्या मागून 'सॉरी हं, तुम्हाला त्रास झाला' असं काहीतरी निघेल, याची श्रुती वाट बघत होती. इतक्या वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. ती वाट बघत राहिली. ते आलं नाही. तेजस्वी अजून तिथेच उभी होती. श्रुतीनं तिच्याकडे सरळ पाहिलं आणि बाकावर बसून शेजारी तिच्यासाठी जागा केली. बसायचं की नाही ते आता तेजस्वीनं ठरवायचं होतं.